ओलावा पन्नासच्या खाली

१९ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली आहे. रोज सकाळी लिहायचं: रात्री खोकल्याने किती वेळा जाग आली, दम्याचा निळा पंप किती वेळा ओढला, खोलीत ओलावा किती, खोलीत काय बदल केला. "एक ओळ पुरे," म्हणाल्या. मला आयुष्यात एका ओळीत काही सांगता आलेलं नाही, आता बावन्नाव्या वर्षी काय जमणार?

आज यार्मथच्या दवाखान्यात त्यांनी माझ्या हातावर ओळीने बारा ठिकाणी टोचलं. मांजर, कुत्रा, गवत, बुरशी, काय काय. अकरा ठिकाणी काहीच नाही. बाराव्या ठिकाणी मोठ्या नाण्याएवढी गांधी उठली.

"धूळकिडे," बाई म्हणाल्या. डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्याच अंगावरून गळलेल्या कातडीवर जगतात. गादीत, उशीत, कार्पेटमध्ये घर करतात. पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषून घेतात. आणि दमा होतो तो त्यांच्या विष्ठेने.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, सव्वीस वर्षं मी शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलंय. माझ्या पातेल्यात तोंड बघून घ्यावं."

"स्वच्छतेचा काही संबंध नाही," त्या म्हणाल्या. "गादी किती जुनी आहे?"

मी काय सांगणार? गादी माझी नाही. खोली माझी नाही. एप्रिलमध्ये लग्न होऊन मी आल्फेच्या घरी राहायला आले, आणि जूनपासून खोकते आहे. यार्मथच्या माझ्या भाड्याच्या दोन खोल्यांत मला साधी शिंकसुद्धा येत नव्हती.

आल्फे बाहेर ट्रकमध्ये बसला होता. सांगितलं तर हसत सुटला. "किडे? माझ्या घरात? लिओनी, त्या गादीवर माझी आई झोपली, मी झोपलो, बत्तीस वर्षं झीटा झोपली. कुणाला किडे चावले नाहीत."

"चावत नाहीत ते. श्वासातून जातात."

"डॉक्टरला घराचे हप्ते भरायचे असतील," म्हणाला, आणि गाडी चालू केली.

झीटा म्हणजे त्याची पहिली बायको. सहा वर्षांपूर्वी गेली.

२२ ऑगस्ट

खोकला चार वेळा. पंप दोनदा. ओलावा मोजायचं यंत्र आणलं, बशीएवढं आहे. खोलीत ७४ टक्के. बाईंनी सांगितलंय पन्नासच्या खाली. बाहेर सलग पाचवा दिवस धुकं. धक्क्यावरच्या बोटी दिसत नाहीत, नुसता भोंगा ऐकू येतो.

आल्फेशी कार्पेटचं बोलले. जाड, शेवाळी रंगाचं, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"कार्पेट राहील."

"बाईंनी सांगितलंय, पहिल्यांदा कार्पेट—"

"झीटाने पसंत केलेलं आहे ते."

मग पडद्यांचं बोलले. ते झीटाने शिवलेले. मग पलंगावरच्या गोधडीचं. ती झीटाने लग्नाच्या पहिल्या वर्षी तुकडे जोडून केलेली. मी म्हटलं, "आणि मी? मला कुणी शिवलंय?"

आल्फे उठून जाळी विणायला शेडमध्ये गेला.

कबूल करायला हरकत नाही, ही वही बाई काही शब्द न् शब्द वाचणार नाहीत: मला मेलेल्या बाईचा मत्सर वाटतो. जिवंत सवत असती तर दोन शब्द सुनावले असते. हिच्याशी भांडायचं तरी कसं? तिच्या गादीवर झोपायचं, तिच्या पडद्याआड कपडे बदलायचे, आणि पहाटे तिच्या उशीत तोंड खुपसून खोकायचं.

४ सप्टेंबर

खोळी आल्या. चेनवाल्या, गादीला एक, उशांना चार. कापड इतकं घट्ट विणलेलं की किडा आत राहिला तर आतच राहतो. आल्फेने नाक मुरडलं, पण गादी उचलायला हात लावला. रात्री कुशीवर वळला आणि म्हणाला, "बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटावर झोपल्यासारखं वाटतंय." दोघंही हसलो. लग्नानंतर त्या खोलीत आम्ही एकत्र हसलो असं पहिल्यांदाच. नंतर मला खोकला आला आणि तो गप्प झाला. मी खोकले की तो नेहमी गप्प होतो, पाठ करून पडतो. श्वाससुद्धा रोखून धरतो, असं वाटतं.

खोकला तीन वेळा. पंप एकदा.

१० सप्टेंबर

चादरी उकळत्या पाण्यात धुतल्या. दर गुरुवारी धुवायच्या. एमेरीज आली तेव्हा मी दोरीवर घालत होते. ही आल्फेची थोरली बहीण, शेजारच्या घरात एकटी राहते. तिला आमच्या दोरीवरचं सगळं दिसतं.

"दर आठवड्याला चादरी? लोकांना वाटेल घरात कुणी अंथरूण ओलं करतंय."

"डॉक्टरांनी सांगितलंय, एमेरीजबाई."

"अगं, झीटा चौदा वर्षं कारखान्यात खेकडे उकडत होती. वाफेने छातीचं भुस्कट झालं तिच्या. तरी तिने घराला कधी नाव ठेवलं नाही." चहा पिता पिता ती खुलली. "काय सेवा केली माझ्या भावाने! तिला कारखाना सोडायला लावला. म्हणाला, तू आता काडी हलवायची नाहीस. दोन वर्षं त्या खोलीत पलंगावर राणीसारखी ठेवली. खिडक्यांना कापूस कोंबला, वाऱ्याची झुळूक नको म्हणून. थंडीत हीटरवर पाण्याचं पातेलं, दिवसरात्र वाफ, छाती मोकळी व्हावी म्हणून. शेवंडीचा सीझन चालू असला तरी समुद्रावरून आला की आधी ते पातेलं भरायचा, मग बूट काढायचा."

"आणि तरी गेली," मी म्हटलं.

"कारखान्याने मारलं तिला. भरपाईचा अर्ज केला तर म्हणे, काम सोडून दोन वर्षं झाल्यावर आजार वाढला, आमचा संबंध नाही. बेशरम! तेव्हापासून आल्फे त्यांना एक शेवंड विकत नाही. वीस किलोमीटर लांब जाऊन विकतो, दर कमी मिळतो तरी."

रात्रभर ते पातेलं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी खोकते तेव्हा हा माणूस पाठ फिरवतो. तिच्यासाठी बूट काढायच्या आधी पातेलं भरायचा. अशी माया मला बावन्न वर्षांत कुणी केली नाही.

२९ सप्टेंबर

खोकला पाच. पंप चार. ओलावा ६९. आल्फे पाठ करून.

खोळी घातल्या, चादरी उकळल्या, तरी वाढतच चाललंय. गार पडलं म्हणून खिडक्या बंद. सकाळी जिना चढून वर आले तर पायरीवर बसावं लागलं.

३ ऑक्टोबर

आज एक चांगली गोष्ट घडली, ती सविस्तर लिहिते.

आल्फे माझ्याबरोबर यार्मथला आत आला. बाहेर ट्रकमध्ये बसला नाही. एमेरीजनेच टोमणा मारला होता, बायको धापा टाकतेय आणि तू रेडिओ ऐकत बसतोस म्हणून. टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेला बसला. बाईंनी समजावून सांगितलं: उन्हाळाभर धुक्यात किडे वाढतात, शरद ऋतूत त्यांची घाण सगळ्यात जास्त साठलेली असते, त्यात खिडक्या बंद. म्हणून ऑक्टोबर वाईट. कार्पेट आणि ती जुनी पिसांची गादी जाईपर्यंत खोळींचा उपयोग अर्धाच.

मग आल्फेने तोंड उघडलं. मला वाटलं, आता हप्त्यांचं बोलतो की काय! पण नाही.

"डॉक्टर, समजा माणूस दिवसभर त्याच खोलीत पडून राहिला तर?"

"तर दिवसभर तेच श्वासात जाणार. रात्री आठ तासांऐवजी चोवीस तास."

"खिडक्या घट्ट बंद केल्या, थंडी लागू नये म्हणून, तर?"

"उलट वाईट. वारा खेळायला हवा."

तो टोपी फिरवत राहिला. "आणि वाफ? पाण्याची वाफ सोडली खोलीत, हिवाळ्यात, तर बरं वाटेल ना?"

बाई हसल्या. "अहो, ती तर किड्यांना मेजवानी. हिवाळ्यात इथली हवा कोरडी होते, तेव्हा ते आपोआप मरतात. वाफ सोडली तर बारा महिने सुखात जगतील. तसलं काही करू नका हं यांच्यासाठी."

"नाही करणार," आल्फे म्हणाला.

इतके प्रश्न! माझ्यासाठी! वाफेचं विचारलं तेव्हा तर माझे डोळेच भरून आले. म्हणजे याच्या मनात होतं, माझ्यासाठीसुद्धा पातेलं ठेवावं. ट्रकमध्ये मी त्याच्या हातावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता. आमच्या घराचं वळण आलं तरी तो वळला नाही, सरळ पुढे गेला. "आल्फे, घर मागे राहिलं," मी म्हटलं. धक्क्यापर्यंत नेलं, इंजिन बंद केलं, काचेतून बघत बसला. मी खूप वेळ वाट पाहिली, मग खोकायला लागले. तेव्हा कुठे गाडी मागे घेतली.

९ ऑक्टोबर

सहा दिवस बोलला नाही. विचारलं तर "शेवंडीचे पिंजरे दुरुस्त करायचेत." मला वाटलं होतं त्या भेटीनंतर तो स्वतःच कार्पेट काढेल. खोलीत पाऊलसुद्धा टाकत नाही, खाली सोफ्यावर झोपतो. किड्यांना घाबरला की काय! एवढा दांडगा माणूस.

तो शेडमध्ये जाऊ दे, एक दिवस मीच सुरी घेऊन कार्पेट काढते. किती दिवस दुसऱ्या बाईच्या पसंतीवर चालायचं?

१५ ऑक्टोबर, दवाखाना

पडल्या पडल्या लिहितेय, अक्षर वाईट येतंय. आल्फे शेडमध्ये गेल्यावर मी कार्पेटचा कोपरा उचकटून ओढला. खालचा फोम भुगा होऊन उडाला, पिवळा, पिठासारखा. चार हात गुंडाळलं असेल नसेल, छाती आवळली. पंप ओढला, पुन्हा ओढला, काही नाही. खिडकी उघडायला गेले तर फटीत जुना कापूस कोंबलेला, उघडेना. मी काचेवर थापा मारल्या. एमेरीजला दिसलं. देव तिच्या भोचक डोळ्यांचं भलं करो. तिनेच गाडीत घातलं.

आल्फे आला तेव्हा माझ्या तोंडावर मास्क होता. दारातच उभा राहिला. आत यायचं नाव नाही. चेहरा राखेसारखा. नर्स म्हणाली, "या ना, बसा बायकोजवळ." त्याने चौकट धरली होती, ती सोडली नाही.

"असंच व्हायचं," एवढंच म्हणाला. "अगदी असंच."

मग: "कार्पेट मी काढतो. तू त्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस."

त्याने माझा हात धरायला हवा होता. कार्पेटचं काय घेऊन बसलाय.

१९ ऑक्टोबर

घरी आले. ट्रकमधून उतरले तर किनाऱ्यावर अजून धूर होता.

एमेरीज अंगणातच उभी होती, रडत. "वेड लागलंय याला. सगळं जाळलं. आईची पिसांची गादी, पडदे, कार्पेट, सगळं दगडांवर नेऊन तेल ओतलं. झीटाची गोधडीसुद्धा! मी ओढून धरली तर माझ्या हातातून हिसकावली. ख्रिस्ताची शपथ, लिओनी, तू सांगितलंस का त्याला?"

मी सांगितलं नव्हतं. गोधडी उकळत्या पाण्यात धुतली असती तर चालली असती. बाईंनीच सांगितलं होतं.

वर गेले. उघड्या फळ्या, त्याने घासून घासून पांढऱ्या केलेल्या. नवी गादी, खोळ चढवलेली. खिडक्यांना पडद्यांऐवजी फक्त पट्ट्या, ओल्या फडक्याने पुसता येतील अशा. फटींतला कापूस खरवडून काढलेला. कोपऱ्यात ओलावा ओढणारं यंत्र घरघरत होतं. तुरुंगाची कोठडी बरी, अशी खोली. यंत्रावर ५१.

खरं लिहू? मला आनंद झाला. लाज वाटली, पण आनंदच झाला. माझ्यासाठी त्याने तिचं सगळं जाळलं. असं किती पुरुष करतील?

१ नोव्हेंबर

मृतांचा रविवार. आल्फे दरवर्षी झीटाच्या कबरीवर फुलं ठेवतो, एमेरीज सांगते. या वर्षी गेला नाही. "शेडमध्ये काम आहे." मी मनात म्हटलं, उशिरा का होईना, संपलं.

खोकला एकदा. पंप नाही.

३० नोव्हेंबर

शेवंडीचा सीझन सुरू. आज सगळ्या बोटी पिंजऱ्यांचे डोंगर लादून निघाल्या. धक्क्यावर सगळं गाव. मी अर्धा मैल चालत गेले, एकदाही थांबले नाही. आल्फेला हात हलवला. त्याने पाहिलं की नाही कळलं नाही.

८ डिसेंबर

नवल ऐका. आल्फेने पहिला माल कारखान्याला विकला. त्याच कारखान्याला! एमेरीजने बघितलं, मालकाशी हात मिळवला म्हणे, टोपी काढून. 

संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, "बरं केलंस. राग किती दिवस धरायचा?"

तो किसलेल्या बटाट्याची भाजलेली रापूर नुसती चिवडत बसला. "त्यांच्यावर राग धरायचं काही कारण नव्हतं," म्हणाला.

मोठं मन लागतं असं म्हणायला. मी त्याच्या ताटात जास्तीचं लोणी घातलं. त्याने ताट तसंच ठेवलं.

१७ जानेवारी

खोकला नाही. पंप नाही. ओलावा ३४. कडाक्याची कोरडी थंडी. सलग अठरावी रात्र.

बाईंनी वही बघून पाठ थोपटली. "तुमच्यासारखे पेशंट मिळाले तर मला कामच उरणार नाही." मी म्हटलं, "सगळं माझ्या नवऱ्याने केलंय हो." खरंच आहे. पहाटे समुद्रावर जायच्या आधी यंत्राची पाण्याची बादली रिकामी करतो, आकडा बघतो, पाटीवर लिहितो. गुरुवारी मी उठायच्या आत चादरी मशीनमध्ये. एक दिवस चुकत नाही. पण माझ्याकडे बघत नाही. यंत्राकडे बघतो.

वर झोपायला परत आला आहे, तेवढं एक बरं. पण झोपत नाही. आज पहाटे मला जाग आली तर पलंगाच्या कडेला बसलेला, माझ्याकडे पाठ, मान खाली.

"काय झालं?"

"काही नाही. झोप."

"माझ्या छातीत काही वाजत होतं का?"

"नाही," म्हणाला. "काही वाजत नव्हतं."

२१ फेब्रुवारी

ओडेट आली आहे, आल्फेची मुलगी, लांब मंक्टन शहरात असते. चार वर्षांत पहिल्यांदा राहायला आली. एरवी म्हणे एका रात्रीत नाक-डोळे वाहायला लागायचे, पळून जायची. मी भीतभीतच होते, आईची खोली अशी पाहून काय म्हणेल? पण दोन रात्री छान झोपली.

आज जेवताना मी तिला सगळं सांगितलं, ऑगस्टपासून. ती ऐकता ऐकता थांबली. काटा खाली ठेवला.

"पहाटे जास्त व्हायचं तुला?"

"पहाटे तीन ते पाच. ठरलेलं."

"आईला पण पहाटेच व्हायचं," ती म्हणाली. "आणि मावशीकडे गेली की बरी असायची. आठवतं, पपा? मी तेव्हा म्हटलं होतं, तिला अजून थोडे दिवस तिकडेच राहू दे. तुम्ही घेऊन आलात."

आल्फेने मान वर केली नाही.

बिचारीचा चेहरा बघवेना, म्हणून मीच सावरलं. "तुझ्या आईचं वेगळं होतं गं. ते कारखान्यातल्या वाफेचं. माझं हे साधं गादीतलं. दोन खोळी, गरम पाणी, कार्पेट काढलं, संपलं! पोरखेळ. कुणीही केलं असतं."

आल्फेने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर पंगतीत त्याच्या थोबाडीत मारली. मग उठला, कोट न घेता बाहेर गेला. ओडेट त्याच्या मागे गेली. दोघं अंगणात बर्फात उभे होते. ती काहीतरी बोलत होती, तो नुसता मान हलवत होता. मग तिने दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं. त्याने हात वर केले नाहीत.

आत आली, बॅग भरली, गेली. माझ्या गालाचा मुका घेतला मात्र. "तू बरी झालीस ते चांगलं झालं, लिओनी." रडत होती.

सहा वर्षं झाली तरी या घरात झीटाचं नाव काढलं की असं होतं. मी कितीही बरी झाले तरी तिच्या आजाराची सर मला येणार नाही.

२ एप्रिल

लग्नाला वर्ष झालं. केक केला. आल्फेने एक तुकडा खाल्ला, मग वर जाऊन फळ्या पुसल्या.

२६ एप्रिल

धुकं परतलं. बाहेर ९०, खोलीत ४६. यंत्र थांबत नाही. आल्फे आता दिवसातून तीनदा बादली बघतो. मी म्हटलं, "अरे, मी आहे ना घरात, मी ओतीन." तर ओरडला. लग्नानंतर पहिल्यांदा ओरडला. "तू हात लावू नकोस! माझं काम आहे ते!"

खोकला नाही.

१२ मे

बोटीवर झोपायला लागला आहे. म्हणे सीझन संपत आला, पहाटे लवकर निघावं लागतं. सकाळी मात्र आधी घरी येतो, बादली ओततो, आकडा लिहितो, जातो. एमेरीजने विचारलं, "काय गं, भांडलात?" मी म्हटलं, "भांडायला माणूस बोलावा लागतो."

१४ जून

सीझन संपून दोन आठवडे झाले. पिंजरे अंगणात रचून झाले. तरी हा बोटीवरच.

आज दुपारी मी धक्क्यावर गेले. शिडी उतरून बोटीत गेले. गेल्या वर्षी मला ते जमलं नसतं. तो केबिनमध्ये चूल पुसत बसला होता. आत बाकावर एक पातळ गादी, तिला चेनवाली खोळ. हसू आलं मला.

"तुला कुठे दमा आहे?"

"असू दे."

मी समोर बसले आणि म्हटलं, "आल्फे, मी काय चुकले ते सांग. तिच्या वस्तू जाळायला मी सांगितलं नव्हतं. तू मला वाचवलंस, ते मी विसरणार नाही. पण आता मी बरी आहे. रात्रभर झोपते. मग तू का पळतोस?"

त्याने हातातलं फडकं पिळलं.

"तू काही केलं नाहीस, लिओनी."

"मग?"

"तू झोपतेस. काही आवाजच येत नाही. श्वास आत जातो, बाहेर येतो, आत जातो, बाहेर येतो. इतका सोपा." त्याने फडकं डोळ्यांवर दाबलं. "मला ते ऐकवत नाही."

 लोकांच्या बायका घोरतात म्हणून नवरे खोली बदलतात. माझं न खोकणं या माणसाला सहन होत नाही!

"म्हणजे मी खोकत होते तेच बरं होतं?"

तो पुन्हा चूल पुसायला लागला. चुकूनसुद्धा "नाही" म्हणाला नाही.

३० जून

यार्मथच्या माझ्या जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर खोली रिकामी होती, मी एकटीसाठी घेतली. आल्फेने नवी गादी, उशा, यंत्र सगळं ट्रकमध्ये चढवलं, ताडपत्री बांधली. तिथे पोचल्यावर माझ्या आधी वर गेला, खोली बघितली, फरशी ठोकून बघितली, खिडकी उघडून बंद करून बघितली. कार्पेट नाही याची खात्री केली. चादरी स्वतः घातल्या, चारी कोपरे ताणून. मला म्हणाला, ओलावा पन्नासच्या वर गेला तर फोन कर, कुठल्याही वेळी. मी म्हटलं, आणि खाली असला तर? तेव्हा टोपी घातली आणि जिना उतरून गेला.

एमेरीज म्हणते, थांबायला हवं होतं, पुरुषांना वेळ लागतो. तिला काय सांगू? वर्षभर मी त्या खोलीतली धूळ काढत राहिले, आणि मला वाटलं, धूळ गेली की मी दिसेन. आता मला कळलंय. त्या माणसाला बायको हवी ती आजारीच. बूट काढायच्या आधी जिचं पातेलं भरावं अशी. मी बरी होण्याची चूक केली.